ओठ हलवणारे

"अन् मले हे नोको सांगू का तुले काई मालूमच नव्हतं म्हणून!" धुरपताबाईनं विळीवर वांगं असं दाबलं की अर्धं परातीत पडलं आणि अर्धं घरंगळत दारापाशी गेलं. "सगळ्या मंडळीसमोर पोट्टीले उभी केली अन् तिचं हसं केलं. कोनं? तिच्या सख्ख्या मायनं."

"हसं मी नाही केलं, आई." प्रेरणा पाठमोरी तांदूळ धूत होती. "लोक हसले. तेही प्रेमानंच हसले."

"प्रेमानं! टेकचंद तं पोट धरून हासून रायला होता. एवढं प्रेम त्याच्या पोटात कवापासून आलं?"

ओमेश नुकताच वीज केंद्रातली सकाळची पाळी करून आला होता. त्यानं एक बूट काढला होता आणि दुसऱ्याची नाडी हातात धरून तो तसाच बसून होता. "माय, हळू. शेजारी ऐकून रायले."

"ऐकू दे. मंडळीनं ऐकलं, आता शेजाऱ्यानं ऐकावं. तुह्या बायकोले विचार. ती शिकवते आता. लहानाइले, मोठ्याइले, समद्याइले."

"पास्टर साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"त्याइले कोनं सांगतलं?"

प्रेरणानं तांदळाचं पाणी दुसऱ्यांदा ओतलं, मग तिसऱ्यांदा. धुरपताबाईनं ते पाहिलं. दोन पाण्यांत धुऊन होणारे तांदूळ बाई तिसऱ्यांदा धुते, तेव्हा ती काहीतरी लपवते, एवढं तिला कळत होतं. ओसरीत तिचा नवरा मनिराम चष्मा पुसत बसला होता. तोही खूप वेळ चष्माच पुसत होता, पण तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

तिरोड्यातली त्यांची लूथरन मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं. पत्र्याच्या छताचं छोटं देऊळ, आत दोन दऱ्या, म्हणजे सतरंज्या. उजवीकडच्या दरीवर पुरुष, डावीकडच्या दरीवर बाया. मिशनचे लोक पूर्वी बालाघाटच्या अंगानं आले, त्यामुळे गीतं हिंदी, प्रार्थना हिंदी आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरीही हिंदी, तीसुद्धा जुन्या वळणाची. घरी मात्र सगळे झाडीबोली बोलत. आपण देवाशी एका भाषेत आणि बैलाशी दुसऱ्या भाषेत का बोलतो, असा प्रश्न तिथं कोणाला पडला नव्हता.

उपासना संपली की लेकरं धुरपताबाईच्या मागे देवळाच्या मागच्या ओसरीत जात. हे चाळीसेक वर्षं चालू होतं. मोठी माणसं बाहेर कडुनिंबाखाली गप्पा मारत आणि लेकरं आत प्रश्नोत्तरी घोकत. तेरा-चौदा वर्षांची झाली की ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्यांचं दृढीकरण होई. त्या दिवशी पोरापोरींनी सगळ्यांसमोर उभं राहून पास्टरच्या प्रश्नांना तोंडपाठ उत्तरं द्यायची आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं. धुरपताबाईच्या हाताखालून गेलेलं एकही लेकरू त्या दिवशी अडखळलं नव्हतं. मंडळीत बाकी कशाबद्दल एकमत नसलं तरी याबद्दल होतं.

तिची शिकवायची रीत तिची स्वतःची होती. अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवायचा, एका पेरावर एक आज्ञा. पेर सरकलं की आज्ञा बदलली. त्यामुळे या मंडळीतली माणसं दहा आज्ञा म्हणताना आजही अंगठा सरकवतात आणि पाहुण्याला वाटतं की हे काही मोजून राहिले. पाठ झालं की ओंजळभर मुर्रा, म्हणजे चुरमुरे. नाही झालं तर ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभं राहायचं.

आणि तिचा कान. सगळे एका सुरात म्हणत असताना जे पोरगं नुसतेच ओठ हलवतं, ते तिला बरोबर सापडायचं. ती रांगेतून हळूहळू चालत जाई, एकेकाच्या तोंडाशी कान नेई आणि म्हणे, "इथं नुसती हवा हाय."

हा कान तिला दरेकशाच्या रानात नव्हता मिळाला. तिथं तिचा बाप जंगलात मजुरी करायचा आणि पोरगी शेळ्यांमागे हिंडायची. मिशनच्या वसतिगृहात टाकल्यावर तिथल्या मेट्रनबाईनं हा कान तिच्या अंगी बाणवला. एक मुलगी ओठ हलवताना सापडली की अख्ख्या रांगेचं जेवण बंद. धुरपताचं सगळं पाठ असायचं, तरी ती दुसऱ्याच्या हवेपायी उपाशी राहायची. तेव्हापासून ती शेजारणीच्या तोंडाकडे पाहायला शिकली, आणि मोठेपणीही ती सवय गेली नाही. दूध घेताना ती वास घ्यायची, कुलूप लावल्यावर ओढून पाहायची, आणि गिरणीत आपल्या आधी कोणाची ज्वारी दळली हे विचारल्याशिवाय डबा ओतायची नाही.

आणि आता हा नवा पास्टर. चंद्रकुमार नाव, वय तिशीच्या आतबाहेर, बालाघाटहून मोटारसायकलनं यायचा. महिनाभरापूर्वी उपासना संपताना तो म्हणाला, "बच्चे पीछे बैठकर सीखें और बड़े बाहर खड़े रहें, यह अब नहीं होगा. सब एक साथ बैठेंगे. दादा भी, पोता भी. बहन प्रेरणा शुरुआत करेंगी."

बहन प्रेरणा! धुरपताबाई डावीकडच्या दरीवर बसल्याजागी ताठ झाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिची ओसरी, तिचा वर्ग, तिचा मुर्रा, आणि घोषणा भरसभेत.

त्यानंतर तिनं एकेक गोष्ट जुळवून पाहिली. प्रेरणा नागपूरची, वेगळ्या मंडळीतली. तिकडे सगळं मराठीत. लग्न होऊन आली तेव्हाच म्हणाली होती, "इथं हिंदी कशाला?" शिवाय देवळामागच्या हापशीपाशी ती पास्टरशी बोलताना दोनदा दिसली होती आणि दोन्ही वेळा धुरपताबाई जवळ जाताच बोलणं थांबलं होतं. दोन माणसं आपल्याला पाहून गप्प होतात तेव्हा विषय आपणच असतो. यात शंका घ्यायला तिला जागाच दिसली नाही.

आज पहिला वर्ग भरला. धुरपताबाई दरीवर बसली नाही. दाराशी खुर्ची ओढून, पिशवी मांडीवर घेऊन, उठून जायच्या तयारीनं बसली. प्रेरणानं लहान-मोठ्यांचं एकच कोंडाळं केलं. नातवंडांनी आजा-आजीला विचारायचं, आजा-आजीनं नातवंडांना. मग तिनं स्वतःच्या मुलीला, रुचीला उभं केलं. रुचीचं दृढीकरण येत्या झावळ्यांच्या रविवारी होतं. पांढरा फ्रॉक शिवून झाला होता आणि ओमेशच्या दरेकशाच्या मामांना निरोप गेला होता.

"आठवी आज्ञा," प्रेरणा म्हणाली.

रुचीचा अंगठा अनामिकेवर गेला. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही, ही आज्ञा आणि तिचा सगळा खुलासा तिनं शुद्ध हिंदीत एका दमात म्हणून टाकला. धुरपताबाईनं मान हलवली. पोर कुठंही अडली नव्हती.

"आता हेच आपल्या घरच्या बोलीत सांग. म्हणजे काय करायचं?"

रुचीनं अंगठ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, आजीकडे पाहिलं. "आजीनं तं एवढंच शिकवलं," ती म्हणाली.

आणि लोक हसले.

*

सोमवारी धुरपताबाई तांदळाचा डबा घेऊन टेकचंदच्या गिरणीत गेली. घरात भरपूर पीठ होतं. टेकचंद मंडळीचा पंच, पन्नाशीला आलेला, पण लहानपणी ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलेला. पास्टरच्या कानाला कोण लागलं, हे पंचाला माहीत असणारच.

"जय मसीह की, मावशी. टाका डबा."

"आधी कोणाचं दळलं?"

"तांदूळच होते वो, बाप्पा. तुमच्यासाठी ज्वारीवाल्याले थांबवून ठेवलं."

"तू काल हासला."

टेकचंदनं गिरणी बंद केली. "मावशी, रुचीवर नाही हासलो. माह्यावर हासलो. मलेबी पाठ हाय, झोपेतून उठवा, सांगतो. पन घरी पोरगा विचारते, बाबा, म्हणजे काय? मी म्हणतो, जा, धुरपता आजीले विचार."

"मंग? नाही आला तो माह्याकडं."

"तुमाले भेते."

ते तिनं सोडून दिलं. "वर्ग बंद करा म्हणून पास्टरले कोनं सांगतलं? माह्या सुनेनंच ना?"

टेकचंद पट्ट्याला हात लावून पाहू लागला. पट्ट्याला काहीही झालं नव्हतं.

"टेकचंद. माह्या तोंडाकडं पाह्य."

हा ओसरीतला आवाज होता. टेकचंदचे पाय आपोआप जुळले. "काकाजीनं सांगतलं."

"कोणते काकाजी?"

"आपलेच. मनिराम काकाजी. पन मावशी, वर्ग बंद करा असं नाही म्हणले. आमालेबी शिकवा म्हणले."

पीठ चाळून न पाहता धुरपताबाई डबा घेऊन निघाली. वाटेत तिच्या मनानं आणखी दोन दारं ठोठावून पाहिली. टेकचंद सुनेला वाचवायला खोटं बोलत असेल. नाहीतर सुनेनं भोळ्या सासऱ्याला पुढं केलं असेल. हे दुसरं तिला जास्त पटलं. मनिराम आपण होऊन काही मागणारा माणूस नव्हता. रेल्वेत गँगमन होता तेव्हा त्यानं साहेबाकडे सुटीसुद्धा कधी मागितली नव्हती. लग्नाआधी त्याचं दृढीकरण व्हायचं होतं, तेव्हा ठरलेल्या नवरीनंच त्याला प्रश्नोत्तरी शिकवली होती. तिच्या बापाच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, हातभर अंतर ठेवून. तो तिचा पहिला विद्यार्थी. बुढ्या पादऱ्यासमोर तो एका शब्दालाही अडला नव्हता, हे ती आजही लोकांना सांगायची.

मनिराम परसात सुपातली लाखोळीची डाळ निवडत होता.

"तुमी पास्टरले काय सांगतलं?"

त्याचा हात सुपात थांबला. "कोनं सांगतलं तुले?"

"म्हणजे खरं हाय." ती समोर पायरीवर बसली. "सुनेनं शिकवून पाठवलं?"

"नाही वो. तिचं काई नाही त्यात." त्यानं एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाला, "जंगलू."

जंगलू त्याच्या गँगमधला. रानातला गोंड माणूस, आपल्या देवांना मानणारा. दोघांनी दरेकशाच्या घाटात जन्मभर रूळ सांभाळले, एका डब्यात जेवले. दिवाळीनंतर तो वारला होता.

"आजारी होता तवा मी जात होतो त्याच्याकडं. एक दिवस म्हणे, मनिराम, तुमच्यात मेल्यावर काय होते गा? मी म्हणून दाखवलं, येत होतं तेवढं. त्यानं गुमान आयकून घेतलं. मंग म्हणे, हे तं टेसनावरच्या अनाउन्समेंटवानी झालं. गाडी कोणती, अन् आपल्याले कोठं नेते, ते सांग ना लेका."

हे सांगताना मनिराम हसला नाही. धुरपताबाईला हसू येत होतं, ते तिथंच राहिलं.

"मले नाही सांगता आलं. म्हणलं, पुढच्या खेपेले पुसून येतो. पुढची खेप झालीच नाही. मातीले गेलो तं त्याचा नातू इंद्रकुमार पुसे, बुढा तुमची वाट पाहत होता, काय सांगणार होते तुमी?" त्यानं सूप खाली ठेवलं. "लहान पोट्ट्याइले तू शिकवते. बुढ्याले कोन शिकवते? म्हणून पुसलं पास्टरले."

"येत होतं तेवढं म्हणजे?" धुरपताबाई तिथंच अडकली होती. "तुमाले तं सगळं येते. मी शिकवलं. म्हणा."

"आता?"

"आता. म्हणा."

मनिरामनं अंगठा पेरावर ठेवला. पहिल्या दोन ओळी नीट आल्या. तिसरीला आवाज खाली गेला. धुरपताबाई उठली, वाकली आणि तिनं त्याच्या तोंडाशी कान नेला. ओठ हलत होते. पांढऱ्या मिशीचे केस तिच्या कानाला लागत होते. आणि नुसती हवा होती.

ती तशीच वाकलेली राहिली. मग कमरेला हात देऊन सरळ झाली.

"बुढ्या पादऱ्यासमोर कसं म्हणलं मंग?"

"तू समोर बायाइच्या दरीवर उभी होती. मी अडलो का तुह्ये ओठ हालत होते. ते पाहून मी माह्ये हालवले. पादऱ्याले कमीच आयकू येत होतं."

"अन् त्याच्यानंतर? एवढे वर्ष?"

"तू त्या दरीवर, मी या दरीवर. पन्नास माणसाइच्या आवाजात कोनाले पत्ता लागते?"

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू कान लावला असता," मनिराम म्हणाला.

कोंबडी सुपाशी आली, तिला दोघांनीही हाकललं नाही.

"अन् प्रेरणाले कसं मालूम?"

"तिनं पकडलं मले. या पायरीवर बसून घोकत होतो. म्हणे, बाबा, कशाला पाठ करता, मी समजावून सांगते. तिच्यासंगंच गेलतो पास्टरकडं. आईले नोको सांगू, असं मीच म्हणलं तिले. शपथ घातली."

म्हणजे हापशीपाशी विषय हा होता. आणि काल परातभर बोलणी खाऊन पोरीनं तीन पाण्यांत तांदूळ धुतले, पण सासऱ्याचं नाव घेतलं नाही. धुरपताबाईच्या मनानं सवयीप्रमाणे आणखी एक दार ठोठावलं: गप्प राहून वरचढ व्हायचं असेल तिला. पण आत कोणी असल्याची चाहूल लागेना.

संध्याकाळी तिनं रुचीला जवळ बोलावलं. "आठवी आज्ञा. हिंदीत नोको. तुले काय वाटते ते सांग."

रुचीनं आईकडे पाहिलं, मग आजीकडे. "खरं सांगू? रागावशील नाही?"

"सांग."

"मले वाटते ते कोर्टातलं हाय. साक्ष-बिक्ष. आपण कोठं कोर्टात जातो, आजी? म्हणून मी नुसतं म्हणून टाकते."

"कोर्टातलं नाही, बाई," धुरपताबाई म्हणाली. "ते आपलं... घरातलं, शेजारातलं. म्हणजे कसं, का एखाद्यानं काई केलं, तं त्याचा आपण..."

पुढचं तिला पाठ होतं. माणसाच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावायचा, त्याची बाजू सांभाळून घ्यायची, असा तो खुलासा होता. किती लेकरांना तिनं तो घोकवला असेल. समोर दाराच्या चौकटीतून प्रेरणा दिसत होती. सासू कालपासून बोलत नसतानाही तिच्या आवडीचं वांगं भरत होती.

"त्याचा आपण काय, आजी?"

"जा. अभ्यास कर."

मग ती ओसरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. आवाज आत येऊ नये म्हणून पाठ फिरवून उभी होती. ओमेश म्हणाला, "मायचं काहीतरी शिजून रायलं." प्रेरणालाही वाटत होतं की शिजतंय, आणि ते आपल्याच नावानं.

जेवायला सगळे बसले. भात वाढून झाला. धुरपताबाईनं पहिला घास घेतला नाही.

"रुची यंदा उभी नाही राहणार," ती म्हणाली. "पास्टर साहबले सांगतलं मी."

ओमेशचा हात ताटातच राहिला. "म्हणजे? माय, फ्रॉक शिवून झाला. मामाइले सांगणं झालं. लोक काय म्हणतीन, धुरपताबाईची नातच नापास?"

"म्हणतीन."

"आई, माझ्यामुळे तिचं वर्ष नका अडवू," प्रेरणाचा आवाज चढला. "राग माझ्यावर आहे ना? मग मला बोला. मी वर्ग सोडते. उद्याच सांगते पास्टरांना."

"तू काई सोडत नाही."

"पुढच्या साली फ्रॉक आखूड होईल ना, आजी," रुची रडवेल्या सुरात म्हणाली.

"खालून पट्टी लावू." धुरपताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात पाहत होता. "पुढच्या साली तू उभी राहशील, अन् तुह्या बाजूले तुह्ये आबाजी. त्याइचं राहून गेलं होतं."

मनिरामनं मान वर केली. ओमेशनं बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"उद्यापासून जेवण झालं का भांडे तसेच ठेवायचे," धुरपताबाई म्हणाली. "समदे इथंच बसतीन. ओमेश, तूबी, पाळी नसली का. प्रेरणा पुसल. आपल्या बोलीत. तुह्या बाबाइले पुसल, रुचीले पुसल अन् मलेबी पुसल. अन् पह्यल्या आज्ञेपासून नाही. आठवीपासून सुरू करायचं."